जनरेटरचा सा

आमच्या गल्लीत उभी राहणारी जनरेटरची गाडी दोन्ही बाजूंनी पांढरी होती आणि तिच्यावर मोठ्या निळ्या अक्षरांत 'सायलेंट' असं लिहिलेलं होतं. ते खोटं आहे असं मी म्हटलं की लोक हसायचे. कारण गाडी गर्जत नव्हती. तिच्या शेजारी उभं राहून गप्पा मारता येत होत्या. इस्त्रीवाला तिच्या सावलीत टेबल मांडायचा. बाबा ऑफिसातून घरी यायचे तोवर ती निघून गेलेली असायची, त्यामुळे त्यांच्यासाठी ती नव्हतीच. "कसला आवाज?" असं विचारून ते खिडकीपाशी जायचे आणि मनापासून कान द्यायचे. खाली रिकामा रस्ता असायचा.

त्रास आईला होता. आई गाणं शिकवते.

अंधेरी पूर्वेला, पहिल्या मजल्यावर, रस्त्याच्या बाजूला आमचं दोन खोल्यांचं घर आहे. आजोबांनी गिरणी सुटल्यावर परळची खोली विकून हे घेतलं. मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी पाच ते सात बाहेरच्या खोलीत सतरंजी पसरली जाते, पेटी मध्ये येते, इलेक्ट्रॉनिक तानपुरा सुरू होतो आणि चौदा मुलं मांडी घालून बसतात. मी तिसरीत होते तेव्हापासून हे चालू आहे. मला स्वतःला गाता येत नाही, किंवा येतं की नाही हे मी कधी कुणाला कळू दिलेलं नाही. शाळेत मी इंग्रजीत गप्प असायचे आणि घरी मराठीत. क्लासच्या वेळी मी आतल्या खोलीत अभ्यास करायचे, आता लॅपटॉप घेऊन ऑफिसचं काम करते. कान मात्र बाहेर असतात. कुठल्या मुलाचा सा कुठे लागतो ते मला भिंतीपलीकडून सांगता येतं.

दोन वर्षांपूर्वी गल्लीच्या टोकाच्या बंद कारखान्याच्या शेडमध्ये शूटिंगचा स्टुडिओ सुरू झाला. मालिकांची घरं आत उभी राहिली. दिव्यांना वीज पुरेना म्हणून गाडी आली, आणि ती आमच्या खिडकीखाली लागायला लागली.

त्यानंतर मुलं बेसूर व्हायला लागली. एकदम नाही. तानपुरा चालू असेपर्यंत ठीक असायची. पण पलटे घेता घेता आई तानपुऱ्याचा आवाज कमी करून म्हणाली, "आता आपापला सा धरा," की दोन मिनिटांत सगळीच्या सगळी खाली घसरायची. एखादं मूल घसरलं तर समजण्यासारखं आहे. चौदाच्या चौदा एकाच जागी घसरून थांबायची, जणू खाली कुणी पायरी बांधून ठेवली होती.

आईनं आधी मुलांना दटावलं. मग दटावणं बंद केलं. ते मला जास्त खटकलं. फेब्रुवारीत एकदा कपाटात गॅसचं पुस्तक शोधताना मला कानाच्या डॉक्टरांचा कागद सापडला. आई एकटी जाऊन कान तपासून आली होती. कागदावर सगळं व्यवस्थित लिहिलेलं होतं.

"कान चांगले आहेत म्हणे," कागद माझ्या हातातून घेत ती म्हणाली. "मग डोकंच गेलं असेल. या गुरुपौर्णिमेला सांगून टाकते सगळ्यांना. पार्ल्याच्या बाईंकडे पाठवते पोरांना. त्यांचा कान माझ्यापेक्षा तरुण आहे."

ती हे भाजी निवडता निवडता म्हणाली. मला राग आला की मी आधी गप्प बसते, आणि तो राग पुष्कळ दिवस टिकतो.

मी औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कंपनीत ॲप तपासायचं काम करते. म्हणजे एखादी गोष्ट कुठे बिघडते हे शोधणं, आणि पुन्हा पुन्हा तशीच बिघडवून दाखवणं. 'एकदा झालं' याला आमच्याकडे किंमत नाही. त्या शुक्रवारी मी घरून काम करत होते. क्लास सुरू व्हायच्या आधी मी फोनमधलं सूर जुळवायचं ॲप उघडलं, जे आईच्या तानपुऱ्यासाठीच घेतलेलं होतं, आणि हात खिडकीबाहेर काढून फोन गाडीसमोर धरला.

काटा हलला आणि एका ठिकाणी उभा राहिला. पेटीवरची ना धड पांढरी पाच, ना काळी चार. दोन्हींच्या मध्ये, काळी चारच्या जरा खाली.

आई मुलांना काळी चारमध्ये गायला लावते.

"आई, तुझे कान बरोबर आहेत," मी म्हटलं. "खाली दुसरा एक सा चालू आहे."

ती पेटीपाशी बसली. पांढरी पाच दाबली, मग काळी चार, मग भाता सोडून नुसती खिडकीकडे कान लावून बसली. बराच वेळ. मग तिनं असा शब्द वापरला जो मी तिच्या तोंडून आयुष्यात ऐकला नव्हता.

तक्रार करायला आम्ही दोघी चौकीत गेलो. तिथले साहेब सभ्य होते. त्यांनी आम्हाला बसायला खुर्च्या दिल्या. "आवाज किती? डीजेएवढा?" त्यांनी विचारलं. आई म्हणाली, "नाही हो, अगदी हळू आहे, पण सा चुकीचा आहे." साहेबांनी पेन खाली ठेवलं. "मॅडम," ते मला म्हणाले, "चुकीच्या सा-वर आम्ही कुणाला काय करणार?"

येताना आई जिन्यात हसत सुटली. मला हसू येत नव्हतं. मी ठरवलं की मोजायचं. आमचा एक फोन म्हणजे एका बाईची तक्रार. गल्लीच्या बाजूला आमच्या इमारतीच्या सात घरांच्या खिडक्या आहेत, आणि प्रत्येक घरात निदान एक फोन आहे, ज्याला कान आहेत. सातही फोननी रोज ठरलेल्या वेळी आवाज मोजून एका तक्त्यात भरला, तर कुणी म्हणू शकणार नाही की एका गाणाऱ्या बाईचं डोकं फिरलंय. आणि मला कुणाशी बोलावं लागणार नाही. खरं सांगायचं तर हे कारण मोठं होतं. माझ्या वतीनं आकडे बोलतील असं मला वाटलं.

सोसायटीच्या ग्रुपवर टाकायचा मेसेज मी चारदा लिहिला आणि चारदा पुसला. पाचव्यांदा डोळे मिटून पाठवला. सगळ्यांत आधी उत्तर आलं ते आमच्या वरच्या मजल्यावरच्या सेक्रेटरी काकांचं: 'स्तुत्य उपक्रम. संपूर्ण सहकार्य.' काका मालवणकडचे, सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. दहा मिनिटांत ते स्वतः खाली आले, हातात कोरं रजिस्टर घेऊन.

"काका, रजिस्टर नको. तक्ता फोनवरच आहे. सगळ्यांना दिसतो."

"असू दे. फोन हरवतो. रजिस्टर हरवत नाही."

पहिल्याच दिवशी गडबड झाली. सात फोन, सात वेगळे आकडे. समोरच्या काकूंनी नवा फोन खरचटू नये म्हणून तो टर्किश टॉवेलची घडी करून तिच्यावर ठेवला होता. वरच्या एका घरानं देवघराच्या खिडकीत ठेवला आणि आरतीची घंटा मोजली. तेही सोडलं तरी प्रत्येक फोनचा कान वेगळा. कुणाचा तिखट, कुणाचा मंद.

यावर उपाय आईनं काढला. रविवारी सकाळी तिनं सातही घरांचे फोन खाली मागवले. सतरंजीवर ओळीनं मांडले, सगळ्यांची तोंडं पेटीकडे, टॉवेल-बिवेल काहीही नाही. बाकी घरांतल्या बायका आणि काका भिंतीला टेकून बसले.

"आता कुणी बोलायचं नाही," आई म्हणाली. "खोकायचंसुद्धा नाही."

तिनं पेटीवर एकच सूर धरला, एका दमात, एकसारखा. सात फोननी एकच सा ऐकला आणि सात आकडे दाखवले. मी लिहून घेतले. ज्याचा आकडा जास्त, त्याच्यातून कायम तेवढं वजा करायचं. ज्याचा कमी, त्यात तेवढं मिळवायचं. तीनदा करून पाहिलं. तिन्ही वेळा तोच फरक आला.

"माझा कितीला आहे गं?" समोरच्या काकूंनी विचारलं.

"तुमचा सगळ्यांत बहिरा आहे."

"बघा! आणि पोरगा म्हणतो एवढा भारी फोन घेऊन दिला."

"तो तुमच्याच घरात राहतो ना," काका म्हणाले. "बिचाऱ्यानं कान मिटून घेतले असतील."

एवढं हसणं आमच्या घरात क्लासशिवाय मी कधी ऐकलं नव्हतं. जाताना आईनं सगळ्यांना साखरफुटाणे दिले, जणू फोनची मुंजच लागली होती.

दोन आठवडे मोजणं चाललं. सकाळी अकरा, दुपारी तीन, संध्याकाळी साडेपाच. मी ऑफिसात बसून तक्त्याची घरं, म्हणजे रकाने, भरताना बघायचे. लांबच्या खोलीत कुणीतरी दिवा लावावा तसं एकेक घर भरायचं. मी त्याचा आलेख काढला. गाडी असली की रेघ वर, गाडी गेली की खाली. मला तो आलेख इतका आवडला की मी तो फोनवर उघडून उगाच बघत बसायचे.

स्टुडिओचा मॅनेजर सोसायटीच्या ऑफिसात यायला तयार झाला तो काकांमुळे. तिशीतला मराठी मुलगा, कानात वायरलेस यंत्र, बोलता बोलता सारखा फोन उलटा करून ठेवणारा. मी त्याच्यासमोर लॅपटॉप ठेवला. आलेख बोलेल म्हणून मी गप्प बसले.

त्यानं आलेखाकडे बघितलंच नाही. तो तक्त्याचे आकडे खाली खाली सरकवत राहिला. मग थांबला.

"मॅडम, हे रविवारचे आकडे आहेत ना?"

"हो."

"रविवारी आमचं शूटिंग नसतं. गाडी नव्हतीच." त्यानं लॅपटॉप माझ्याकडे वळवला. "तरी या एका घरात आवाज शुक्रवारसारखाच आहे. आणि या घराचा प्रत्येक आकडा शेजाऱ्यांपेक्षा बरोबर पाचनी जास्त. बाकी लोकांनी पण असंच भरलंय का?"

ते घर काकांचं होतं. मी काकांकडे बघितलं. काका छताकडे बघत होते.

"काकू, सॉरी हां," मॅनेजर आईला म्हणाला, अगदी प्रेमानं, आणि ते प्रेम मला थपडेसारखं लागलं. "असं काहीपण बनवून आणलं तर मी वरती काय दाखवू? माझीच वाट लागेल ना."

तो गेल्यावर काकांनी ऑफिसचा पंखा बंद केला, पुन्हा सुरू केला.

"काका, तुम्ही रविवारी कुठे होतात?"

"गावाक. जत्रा होती."

"आणि आकडे?"

"अगो, रकानो रिकामो कसो सोडतलंय?" काका एकदम मालवणीत गेले. चिडले किंवा दुखावले की ते तसे जातात. मग सावरून म्हणाले, "चौतीस वर्षं नोकरी केली. एकदाही रकाना कोरा सोडला नाही. कोरा रकाना दिसला की साहेब आधी त्यावर बोट ठेवायचा. सरासरी काढून भरला. आणि ते पाच-पाच तुझ्यासाठीच वाढवले. म्हटलं, पोरीचं काम आहे, थोडा जोर लागू दे."

मला ओरडायचं होतं. सहा घरांनी दोन आठवडे प्रामाणिकपणे मोजलं होतं आणि एका प्रेमळ माणसानं ते सगळं पाण्यात घातलं होतं. पण चूक माझीसुद्धा होती. नोंद नसेल तर घर रिकामं ठेवा, हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. मला ते इतकं उघड वाटलं होतं. मोजायला माणसं लागतात आणि माणसांशी बोलावं लागतं, आणि नेमकं तेच मी टाळलं होतं.

"काका," मी म्हटलं, "रिकामं घर मला भरलेल्यापेक्षा चांगलं दिसतं." त्यांना ते पटलं नाही. पण रजिस्टर त्यांनी काखेत घट्ट धरलं आणि मान हलवली.

शुक्रवारी क्लास झाला. सात वाजायला आले तसा बाहेरून तिचा नेहमीचा आवाज आला, "चला, फोन लावा."

हे ती प्रत्येक क्लासच्या शेवटी म्हणते. मग मुलं आपापले, म्हणजे आईबापांचे, फोन सतरंजीवर तिच्यासमोर ठेवतात आणि ती त्या दिवसाची बंदिश एकदा सलग गाते. घरी रियाजाला. बोल स्पष्ट यावेत म्हणून तेवढ्यापुरता ती तानपुरा बंद करते. वर्षानुवर्षं असंच चालत आलंय. मी ते इतक्या वेळा ऐकलं होतं की ऐकणं थांबलं होतं.

मी लॅपटॉप बाजूला ठेवून दारात जाऊन उभी राहिले. दहा-बारा फोन, खिडकीपासून चार हातांवर, तोंडं आईकडे. दर मंगळवारी, दर शुक्रवारी. स्टुडिओ यायच्या आधीपासून. आणि यातल्या कुणालाही माहीत नव्हतं की आपण काही मोजतोय. ज्याला माहीतच नाही तो पाच कसे वाढवणार?

मुलांना न्यायला आईबाप येतात तेव्हा मी आतल्या खोलीचं दार लावून घेते, ही माझी जुनी सवय. त्या दिवशी मी चपला घालून जिन्यात उभी राहिले आणि प्रत्येकाला थांबवलं. क्लासच्या ग्रुपवर पाठवलेलं रेकॉर्डिंग उपयोगाचं नव्हतं, कारण पाठवताना ॲप आवाज धुऊन पुसून पाठवतं, मागची घरघर काढून टाकतं. मला फोनमधलं मूळ हवं होतं, तारखेसकट. हे मी अकरा वेळा समजावलं. पाचव्या वेळेपर्यंत माझे कान गरम होते. नंतर होईनासे झाले.

"आमची काही जुनी डिलीट केली असतील," एका मुलीची आई म्हणाली, "पण आजीच्या फोनमध्ये सगळी आहेत. ती झोपताना ऐकते."

"काय, गाणं?"

"छे गं, नातीचं 'थांबा थांबा, माझा फोन लागला नाही.' सुरुवातीला येतं ना ते."

शनिवारी दिवसभर मी ती रेकॉर्डिंगं लावून बसले. प्रत्येकात तारीख, वेळ, आईचा आवाज, आणि आईच्या आवाजाखाली एकतर शांतता किंवा ती घरघर. गाडी ज्या महिन्यात आली त्याआधी एकाही फोनमध्ये नव्हती. त्यानंतर वेगवेगळ्या घरांचे फोन, एकच संध्याकाळ, सगळ्यांत सारखीच. काटा त्याच जागी. हे पुरेसं होतं. पण त्यात आणखी एक गोष्ट होती, जी मला नको होती.

रात्री जेवण झाल्यावर मी आईला हेडफोन दिले. आधी एक जुनं रेकॉर्डिंग लावलं. ती मान डोलवत ऐकत होती. मग मागच्या महिन्यातलं लावलं. तीच बंदिश. सुरुवात काळी चारवर. तानपुरा बंद. आणि मग ओळीगणिक, कळणार नाही इतकं हळू, तिचा स्वतःचा सा खाली जात होता. शेवटी जिथे थांबली तो तिचा सा नव्हता. गाडीचा होता.

तिनं हेडफोन काढले. घडी घालता येत नाही त्यांची, तरी घडी घातल्यासारखे करून ठेवले.

"हे तू लोकांना ऐकवणार?"

"तू नको म्हणालीस तर नाही. मुलांची आहेत काही, त्यांच्यात मुलं गातात. तीही घसरतात. पण ती लावायला मला..."

"मुलांची नाही लावायची," ती पटकन म्हणाली. "त्यांचे आवाज कशाला बाहेर? विश्वासानं दिलेत आईबापांनी." मग उठली, पाणी प्यायली, परत आली. बाबा टीव्हीचा आवाज बंद करून आमच्याकडे बघत होते. "माझंच लाव," आई म्हणाली. "बेसूर मी झालेय ना? मग माझंच लाव. मी समोर बसते, बघू कोण हसतं."

"आई, तो मॅनेजर..."

"हसला तर त्याला म्हणावं गाऊन दाखव."

दुसऱ्या बैठकीला मॅनेजर एकटा आला नाही. स्टुडिओचा आवाज टिपणारा माणूस त्यानं बरोबर आणला होता, पन्नाशीचा, गळ्यात मोठे हेडफोन अडकवलेला. "हे आमचे साउंडवाले दादा," मॅनेजर म्हणाला. "हे सांगतील खरं-खोटं." आमची फजिती करायलाच आणलं होतं, हे उघड होतं. आमच्या बाजूला मी, आई, आणि पेटी उचलून आणणारे काका. काकांनी रजिस्टरही आणलं होतं. गेल्या आठवड्याच्या पानावर दोन रकान्यांत आकडे नव्हते आणि त्यांत त्यांनी लाल शाईनं 'मोजले नाही' असं लिहून सही केली होती. रकाना कोरा त्यांनी ठेवलाच नव्हता.

मी आधी जुनं रेकॉर्डिंग लावलं. मग नवं. आई ताठ बसून होती, हात मांडीवर. नवं संपलं तसा तिनं पेटीचा भाता ओढला आणि काळी चार दाबून धरली. त्या छोट्या खोलीत ती पट्टी एकटीच वाजत राहिली, आणि नुकताच ऐकलेला शेवटचा सा तिच्या खाली पडलेला सगळ्यांना ऐकू आला. मला त्या क्षणी आईकडे बघवलं नाही.

साउंडवाल्या दादांनी हात पुढे केला. "परत लावा." त्यांनी आपले हेडफोन माझ्या लॅपटॉपला जोडले आणि डोळे मिटून ऐकलं. मग मॅनेजरकडे वळले.

"तुला मी किती वेळा सांगितलं, गल्लीकडच्या सेटवर माझ्या ट्रॅकमध्ये हम येतोय, हीच घरघर? तू म्हणालास, माइक बदल. दोन माइक बदलले मी." मग आईकडे बघून, आवाज खाली आणून म्हणाले, "ताई, ह्यात तुमचं काही नाही. हे दिवसभर कानात असलं की कुणीपण जाईल. मीपण शिट्टी मारतो ती हल्ली ह्याच सुरात मारतो, बायको म्हणते."

"दादा, तुम्ही कुणाकडून आहात?" मॅनेजर म्हणाला.

"मी आवाजाकडून आहे. गाडी मागच्या गेटला लाव. केबल लांब टाकावी लागेल, एवढंच."

"शेडला वळसा घालून? रोज पोरं टाकणार केबल?"

"एकदा टाकली की पडून राहील. तुला कंटाळा आहे, ते सांग ना सरळ."

मॅनेजरनं फोन उलटा केला, सुलटा केला. मग आईकडे वळून गोड झाला. "काकू, आपण असं करू. तुम्ही आमच्याकडे क्लास घ्या ना. डबिंगची रूम आहे, एसी, एकदम पॅक. बाहेरचं काही ऐकू येणार नाही. आणि पोरांना कधी सीनमध्ये पण बसवू. पालक खूश!"

खरं सांगते, मला भीती वाटली. पालक खूश झाले असते.

"माझं घर आहे," आई म्हणाली. "खिडक्या उघड्या ठेवून शिकवते मी. तुमच्या पेटाऱ्यात कशाला येऊ?"

"बरं, मग मंगळवार-शुक्रवार, पाच ते सात गाडी मागे घेतो. फायनल?"

काका 'फायनल' म्हणायला तोंड उघडत होते. आई माझ्याकडे बघत होती. मला कळलं की ती हो म्हणेल, कारण क्लास वाचत होता आणि ती दमली होती. पण आई सकाळी दहाला स्वतःचा रियाज करते. करायची. गेले सहा महिने तिनं तो सोडला होता आणि आम्हाला सांगितलं होतं की गुडघे दुखतात.

"नाही," मी म्हटलं. माझा आवाज मला अपेक्षेपेक्षा मोठा आला. "रोज. सगळा दिवस. आणि आमचं मोजणं चालू राहणार आहे. सात घरांत. ज्या दिवशी मोजलं नाही त्या दिवशी तसं लिहिलेलं असेल. तुम्ही कधीही येऊन तपासा."

साउंडवाले दादा म्हणाले, "चल रे, केबल काढू," आणि उठले.

गाडी पुढच्या सोमवारी मागच्या गेटला गेली. मे महिन्यात ती दोनदा परत आली. पहिल्यांदा मी खाली जाऊन तिच्यासमोर फोन धरून उभी राहिले. ड्रायव्हर म्हणाला, "मॅडम, फोटो कशाला काढता?" मी म्हटलं, फोटो नाही, आवाज मोजतेय, आणि त्याला आकडा दाखवला. त्यानं मॅनेजरला फोन लावला. दुसऱ्यांदा मी जिन्यात होते तोवर समोरच्या काकू आपला बहिरा फोन घेऊन आधीच खाली पोचल्या होत्या आणि ड्रायव्हरला सुनावत होत्या. काकूंचा आवाज त्या दिवशी गाडीपेक्षा जास्त भरला. मी तक्त्यात ते घर रिकामं ठेवलं.

आईचा सा लगेच वर आला नाही. तिनं महिनाभर रोज सकाळी तानपुरा लावून नुसता सा धरला, दुसरं काही नाही. मी आतून ऐकायचे. कधी कधी ती अर्ध्यात थांबून खिडकीशी जायची, खाली कुणी नाही ना बघायला.

गुरुपौर्णिमेला घर भरलं. मुलांनी एकेक बंदिश म्हटली. कुणाचा ताल गेला, एकाला मधेच शिंक आली, पण सा कुणाचा हलला नाही. सगळे निघाले तेव्हा दारात चपलांचा ढीग होता, आणि एका मुलाची आई त्यात आपली चप्पल शोधत घुटमळली.

"ताई, मी ऐकलं होतं की आजपासून तुम्ही क्लास..."

"कुणी सांगितलं?" आई म्हणाली. "मंगळवारी पाचला पाठवा. आणि पाच म्हणजे पाच हां, मागच्या वेळी दहा मिनिटं उशीर झाला होता त्याला."